सही न केलेला माणूस: जॉन डिकिन्सन आणि २ जुलै १७७६

फिलाडेल्फियातल्या ज्या इमारतीला आज इन्डिपेन्डन्स हॉल म्हणतात, तिथे अमेरिकेतल्या तेरा ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस, भरली होती. २ जुलै १७७६ ला त्यातल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या सात प्रतिनिधींपैकी पाचच जण आपापल्या जागी बसले. बेंजामिन फ्रँकलिन, जॉन मॉर्टन आणि जेम्स विल्सन यांनी ब्रिटनपासून वेगळं होण्याच्या बाजूने मत दिलं. टॉमस विलिंग आणि चार्ल्स हम्फ्रीज यांनी विरोधात. तीनास दोन, म्हणून वसाहतीचं एकमेव मत बाजूने. आदल्या दिवशी सातही जण बसले होते तेव्हा हिशेब उलटा आला होता: चारास तीन, विरोधात. रात्रीत कुणाचं मत पालटलं नव्हतं. विरोधकांपैकी दोघे, जॉन डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस, त्या दिवशी जागेवर येऊन बसलेच नाहीत, एवढंच झालं होतं.

मॉरिसची गोष्ट पुढे येईल. हे प्रकरण डिकिन्सनचं. १७६५ पासून वसाहतींची बाजू कागदावर उतरवायची म्हटलं की ज्याच्याकडे काम जायचं, तो हा माणूस. त्या वर्षी न्यूयॉर्कला भरलेल्या, कागदपत्रांवर कर लावणाऱ्या स्टँप कायद्याविरुद्धच्या परिषदेचं हक्कपत्र त्याच्या मसुद्यावर उभं राहिलं. १७७४ मध्ये राजाला गेलेला अर्ज त्याच्या हातचा, १७७५ मधला दुसरा अर्जही त्याचाच, आणि शस्त्र का उचललं हे जगाला सांगणारा जाहीरनामा जेफरसनच्या मसुद्यावरून त्यानेच पुन्हा लिहिला. मग शेवटच्या पायरीवर हा माणूस का अडला? आणि अडला, तर ठाम राहून विरोधात मत का नाही दिलं? बाहेरच का राहिला? मला या दुसऱ्या प्रश्नात जास्त रस आहे.

शेतकरी नसलेला शेतकरी

डिकिन्सनचा जन्म १७३२ चा, मेरीलँडमधला. वाढला डेलावेअरमध्ये डोव्हरजवळच्या जमीनजुमल्यावर. घर सधन, तंबाखू आणि गव्हाचं, आणि हे सांगायलाच हवं की राबणारे हात गुलामांचे. आई क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची. कायद्याचं शिक्षण लंडनला, मिडल टेम्पल या वकिलांच्या संस्थेत. परत येऊन फिलाडेल्फियात वकिली सुरू केली, ती जोरात चालली.

१७६७ मध्ये ब्रिटिश संसदेने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्या आयातीवर वसाहतींत जकात बसवली. हे टाउनशेंड कायदे. रक्कम किरकोळ होती. त्यावर डिकिन्सनने डिसेंबर १७६७ पासून ‘एक शेतकरी’ अशा सहीने बारा पत्रं छापली. सुरुवातच अशी की मी डेलावेअर नदीकाठी राहणारा साधा शेतकरी, थोडी जमीन, थोडी पुस्तकं, कुणाशी वाकडं नाही. प्रत्यक्षात लिहिणारा शहरातला बडा वकील. पण सोंग छान वठलं. वसाहतींतल्या बहुतेक वृत्तपत्रांनी ही पत्रं उचलली, लंडनच्या आवृत्तीला फ्रँकलिनने प्रस्तावना लिहिली, फ्रेंच भाषांतर झालं.

मुद्दा एकच होता आणि वकिली पद्धतीने धारदार केलेला: व्यापाराला वळण लावण्यासाठी संसदेने नियम करावेत, पण आमच्याकडून पैसा उभा करण्यासाठी आमच्या संमतीशिवाय कर लावायचा हक्क तिला नाही. रक्कम लहान म्हणून गप्प बसाल तर फसाल, कारण रक्कम लहान ठेवली आहे तीच तुम्हाला सवय लागावी म्हणून. आणि उपाय? आधी अर्ज, मग मालावर बहिष्कार, आणि सगळं खुंटलं तरच बळ. स्वातंत्र्याची बाजू इतकी थोर आहे की दंगाधोप्याने ती मळवू नये, असं त्याने तिसऱ्या पत्रात लिहिलं. ही पायऱ्यांची उतरंड लक्षात ठेवावी. पुढचं सगळं प्रकरण तिच्यावर फिरतं.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती आपल्याकडे येते. १७७३ च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत येणार म्हणून गदारोळ झाला, तेव्हा डिकिन्सनने ‘रस्टिकस’ या नावाने एक पत्र छापलं. त्यात कंपनीच्या आशियातल्या वागण्याचा हिशेब आहे: लढाया पेटवल्या, राज्यकर्ते उलथवले, आणि एका वर्षात पंधरा लाख माणसं दुष्काळात मेली म्हणतात, जमीन पिकली नाही म्हणून नव्हे, तर कंपनीने आणि तिच्या नोकरांनी धान्य गिळून भाव असे चढवले की गरिबाला घेता येईना म्हणून. रोख बंगालच्या १७७० च्या दुष्काळाकडे आहे. शेवटी तो सुचवतो की रात्रीच्या पहारेकऱ्यांनी गस्त घालताना ओरडावं: बारा वाजून गेले, ईस्ट इंडिया कंपनीपासून सावध! हे पत्र फिलाडेल्फियात छापलं गेलं नोव्हेंबर १७७३ मध्ये. त्याआधी तीन महिने शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता, आणि पुढे मार्च १७७५ मध्ये रघुनाथराव त्याच कंपनीशी सुरतेचा तह करून बसले. सावध राहायची हाक कुठे उठली आणि गरज कुठे होती, असं वाटून जातं.

जुनं घर मोडण्याआधी

१७७६ चा डिकिन्सन कळायला १७६४ चा पाहावा लागतो. पेनसिल्व्हेनिया तेव्हा पेन घराण्याच्या मालकीची वसाहत होती. पेन मंडळी आपल्या जमिनींवर नीट कर भरायला तयार नव्हती. वैतागून फ्रँकलिन आणि जोसेफ गॅलोवे यांनी कायदेमंडळात ठराव आणला: पेन नकोत, थेट राजाचं राज्य मागू. पेन घराण्याबद्दल डिकिन्सनलाही ममत्व नव्हतं. पण तो उठून म्हणाला, १७०१ च्या सनदेने आपल्याला धर्माचं आणि कायदेमंडळाचं स्वातंत्र्य दिलंय. राजाकडे बदल मागायला गेलात तर जुनी सनद हातची जाईल, आणि नवीन काय मिळेल याची हमी कोण देतो? तीही अशा वेळी, जेव्हा लंडनला आपल्याबद्दल मुळीच प्रेम नाही?

ठराव बहुमताने पास झाला, डिकिन्सन जवळजवळ एकटा पडला आणि पुढच्या वर्षी कायदेमंडळातली जागाही गेली. राजाने पुढे काहीच केलं नाही, ते वेगळं. गंमत म्हणजे ज्या गॅलोवेशी तेव्हा त्याचं हाडवैर झालं, तो क्रांतीच्या वेळी थेट ब्रिटिशांना जाऊन मिळाला.

वाद करायची ही डिकिन्सनची ठरलेली रीत. तुमचं म्हणणं चूक, असं तो सहसा म्हणत नाही. क्रम चूक, असं म्हणतो. आधी कळस मग पाया, हे त्याला झेपत नसे.

चेस्टनट रस्त्यावरची टोपी

मराठी वाचकाच्या ओठांवर एव्हाना ‘मवाळ’ हा शब्द आला असेल. जरा थांबवा. १७७५ च्या उन्हाळ्यात हा माणूस राजाला अर्ज लिहीत होता आणि त्याच दिवसांत फिलाडेल्फियाच्या स्वयंसेवकांच्या पहिल्या पलटणीचा कर्नल म्हणून कवायतही घेत होता. लेक्सिंग्टनला ब्रिटिश शिपायांशी पहिला गोळीबार होऊन गेला होता. ५ जुलैला काँग्रेसने त्याचा समेटाचा अर्ज मंजूर केला आणि ६ जुलैला शस्त्र उचलण्याचा जाहीरनामा. ‘आमची बाजू न्यायाची आहे, आमची एकजूट पुरी आहे’ हे त्या जाहीरनाम्यातलं वाक्य डिकिन्सनचं. अर्ज आणि बंदूक दोन्ही एकाच वेळी पुढे करायचं, हा त्याचा डाव होता.

मॅसॅच्युसेट्सच्या जॉन ॲडम्सला हा डाव असह्य झाला. वर्षभरापूर्वी त्याने रोजनिशीत डिकिन्सनचं चित्र काढून ठेवलं होतं: नुसती सावली; उंच पण बोरूसारखा बारीक, राखेसारखा पांढराफटक, पहिल्या नजरेत वाटावं की महिनाभरही जगायचा नाही; पण निरखून पाहिलं तर आतल्या कमानी बरीच वर्षं टिकतील अशा. (निरीक्षण अचूक. डिकिन्सन १८०८ पर्यंत जगला.) आता मात्र, २४ जुलै १७७५ ला, मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने त्याच माणसाला ‘प्रचंड पैसा आणि चिमूटभर बुद्धी’ म्हटलं, आमच्या सगळ्या कामाला याने पोरकट रूप आणलंय म्हणून. पत्र ब्रिटिशांच्या हाती लागलं आणि त्यांनी ते आनंदाने छापून टाकलं.

१६ सप्टेंबरला सकाळी ॲडम्स चालत सभागृहाकडे निघाला होता. चेस्टनट रस्त्यावर समोरून डिकिन्सन आला, तोही पायी. कोपराला कोपर लागेल इतक्या जवळून दोघे गेले. ॲडम्सने टोपी काढून मान लववली. डिकिन्सनने टोपी हलवली नाही, डोकं नाही, हात नाही. ॲडम्सने रोजनिशीत लिहिलं की आता आमचं बोलणं बंद, नमस्कारही बंद. आणि तरी रोज सकाळी दोघे त्याच खोलीत, त्याच उकाड्यात, एकमेकांची भाषणं ऐकत बसले. याच काळाबद्दल ॲडम्सने आत्मचरित्रात आणखी एक ऐकीव गोष्ट नोंदवली आहे, की डिकिन्सनची आई त्याला म्हणायची: जॉनी, तू फासावर जाशील, इस्टेट जप्त होईल, बायको विधवा होईल, पोरंबाळं भिकेला लागतील. माझ्या घरात असं कुणी बोललं असतं तर मी जगातला सर्वांत दुःखी माणूस झालो असतो, असं ॲडम्स पुढे लिहितो. आईचं हे बोलणं डिकिन्सनच्या भूमिकेचं मूळ मानणारे बरेच. मला ते पटत नाही. भित्रा माणूस पलटण घेऊन समोर जात नाही, आणि १७६४ मध्ये तर फासाची भीती कुठेच नव्हती, तरी युक्तिवाद हाच होता.

समेटाचा अर्ज लंडनला पोचला. राजाने तो स्वीकारलासुद्धा नाही. ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर जाहीर करून मोकळा झाला. डिकिन्सनची एक पायरी तिथेच निखळली. तरी त्याने नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधींना आदेश लिहून दिला, की फुटून निघण्याचा कोणताही प्रस्ताव आला तर नाकारा. ही माझ्या मते त्याची खरी चूक. राजाने दार लावून घेतल्यावरही तो सात महिने दाराशी उभा राहिला. दरम्यान जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनचं ‘कॉमन सेन्स’ हे पुस्तक याच फिलाडेल्फियात छापून आलं आणि राजा नावाच्या गोष्टीबद्दलची भीड लोकांच्या मनातून गेली. डिकिन्सन अजून सनदेची कलमं मोजत होता.

एक जुलै

७ जूनला व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री लीने ठराव मांडला. त्याचे तीन भाग होते: वसाहती स्वतंत्र आहेत हे जाहीर करणं, परदेशांशी करार करणं, आणि वसाहतींनी आपसात संघ बांधणं. मधल्या वसाहती तयार नव्हत्या म्हणून मतदान १ जुलैपर्यंत पुढे ढकललं. दरम्यान कामं वाटली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची समिती जेफरसन वगैरेंची. संघाच्या मसुद्याच्या समितीत डिकिन्सन, आणि लेखणीही त्याचीच. परदेशी कराराच्या समितीतही डिकिन्सन. म्हणजे तीनपैकी दोन भागांवर तो स्वतः राबत होता. भांडण उरलं पहिल्या भागाशी, तेही तो पहिला का, एवढंच.

१ जुलैला तो बोलायला उभा राहिला तेव्हा निकाल कुठे झुकतोय हे त्याला ठाऊक होतं. या भाषणाची त्याच्याच अक्षरातली टिपणं उरली आहेत. उत्तरादाखल ॲडम्सने केलेलं भाषण, ज्याने बाजू जिंकली म्हणतात, त्याची मात्र प्रत नाही. हरलेलं भाषण वाचता येतं, जिंकलेलं नाही.

सुरुवातीलाच तो सांगतो की आजच्या वागण्याने माझ्या लोकप्रियतेवर शेवटचा घाव बसणार आहे. ती एके काळी फारच होती, आणि माझा प्रामाणिकपणा पाहता आता फारच कमी उरली आहे. मग मुद्दे. फ्रान्सचं मन काय, हे माहीत नाही. आपसात करार नाही. एकमेकांशी कोणत्या अटींवर उभे राहणार ते ठरलेलं नाही. तयारी दयनीय आहे. अशा स्थितीत जाहीर करणं म्हणजे ऐन हिवाळ्यात, कच्चीबच्ची पदरात असताना, दुसरं घर मिळण्याआधी आपलं घर पाडायचं, आणि मग शेजाऱ्याच्या दारात जाऊन आसरा मागायचा, तर त्याचीच तयारी नाही. वादळात कागदाच्या होडीतून निघण्यासारखं हे आहे. आणि एक बोचरा चिमटा: काही सदस्य म्हणे वर्षभरापासून स्वातंत्र्याच्याच विचारात होते, तोंडाने समेट समेट म्हणत. इतक्या सफाईने मनातलं लपवता येतं, तर अमेरिकेच्या नशिबाच्या पोथीची आणखी थोडी पानं मला वाचायला मिळावीत. सगळी नकोत, भयंकर असतील. वीस-तीस वर्षांत हा वसाहतींचा संघ अवजड वाटून हडसन नदीपलीकडचे वेगळे होतील की काय, एवढं कळलं तरी पुरे.

या शेवटच्या वाक्यावर मी दरवेळी थबकतो. १८०४ मध्ये, म्हणजे बरोबर अठ्ठाविसाव्या वर्षी, टिमोथी पिकरिंग आणि न्यू इंग्लंडचे काही पुढारी खरोखरच उत्तरेकडचं वेगळं राष्ट्र करण्याची खलबतं करत होते. ती फसली. देश फुटायला आला तो १८६१ मध्ये, आणि दक्षिणेकडून.

समोरच्या बाजूचा युक्तिवादही कच्चा नव्हता. फ्रान्स किंवा स्पेन दुसऱ्या राजाच्या बंडखोर प्रजेशी करार कसा करेल? आधी राष्ट्र म्हणून उभे राहा, मग कुणीतरी हात मिळवेल. डिकिन्सन म्हणे आधी मित्र मग घोषणा. ॲडम्स-ली म्हणत आधी घोषणा मग मित्र. दोघेही अंधारात बोलत होते. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने मे १७७६ मध्येच दहा लाख लिव्हर्स (फ्रेंच नाणं) एवढी रक्कम गुपचूप या वसाहतींच्या मदतीला मंजूर केली होती. फिलाडेल्फियातल्या त्या खोलीत हे कुणालाच माहीत नव्हतं.

डिकिन्सननंतर बोलायला कुणी उठेना, मग ॲडम्स उठला. त्याचं संपत आलं तोवर न्यू जर्सीचे नवे प्रतिनिधी उशिरा येऊन पोचले आणि म्हणाले, आम्ही काहीच ऐकलं नाही, पुन्हा सांगा. ॲडम्सने ते पुन्हा सांगितलं. मतं घेतली तेव्हा नऊ वसाहती बाजूने, पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिण कॅरोलायना विरोधात, डेलावेअरचे दोन प्रतिनिधी दोन बाजूंना, आणि न्यूयॉर्क आदेश नाही म्हणून गप्प. ठराव बहुमताने पास होत होता. पण स्वातंत्र्य पुकारायला बहुमत पुरत नाही. पक्कं मत दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं.

एका रात्रीचं गणित

आता हिशेब मांडू. २ जुलैला डिकिन्सन आणि मॉरिस दोघेही बसले असते तर पुन्हा चारास तीन, पेनसिल्व्हेनिया विरोधात. दोघांपैकी एकच बसला असता तर तीनास तीन, पेनसिल्व्हेनियाचं मतच बाद. दोघेही बाहेर राहिले तरच तीनास दोन. एकाने बाहेर राहून भागत नव्हतं.

पेनसिल्व्हेनिया म्हणजे काही कोपऱ्यातली वसाहत नव्हती. वसाहतींतलं सर्वांत मोठं शहर तिचं, काँग्रेस तिच्याच इमारतीत भरलेली, आणि नकाशावर उत्तर-दक्षिणेला जोडणारी ती. यजमानच विरोधात, अशी घोषणा जगापुढे गेली असती. त्या रात्री डेलावेअरचा सीझर रॉडनी आजारी असताना मैलोन्‌मैल घोडा दामटत आला आणि त्याच्या मताने ती वसाहत बाजूला आली. दक्षिण कॅरोलायनाने एकीसाठी मत बदललं. आणि फिलाडेल्फियातच राहणारे दोघे जण सभागृहातल्या आपल्या जागेपर्यंत गेले नाहीत. बारा विरुद्ध शून्य. रॉडनीचा घोडा शाळेच्या पुस्तकांत आला, डेलावेअरच्या नाण्यावर आला. न बसण्याचं चित्र कोण काढणार?

याला पळ म्हणावं का? मला वाटतं, नाही. पळणारा माणूस आदल्या दिवशी आजारी पडतो. डिकिन्सन आला, सगळं बोलला, विरोधात मत दिलं. हरतोय हे दिसल्यावर त्याच्यासमोर दोनच वाटा होत्या. ‘हो’ म्हणणं खोटं झालं असतं. ‘नाही’ म्हणणं खरं, पण त्याने ज्या एकजुटीसाठी भाषण केलं तीच मोडली असती. तो बाहेर राहिला तेव्हा मत स्वतःजवळ ठेवून वसाहतीचं मत सोडून दिलं. वकिली डोक्याचा माणूस हे न कळता करणार नाही.

आता सहीबद्दल. ‘डिकिन्सनने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करायला नकार दिला’ हे वाक्य सगळीकडे सापडतं, पण ते नीट बसत नाही. जाहीरनामा मंजूर झाला ४ जुलैला. चर्मपत्रावर बहुतेकांच्या सह्या झाल्या २ ऑगस्टला. मध्ये २० जुलैला पेनसिल्व्हेनियाच्या नव्या अधिवेशनाने प्रतिनिधीच बदलले. डिकिन्सन, विलिंग, हम्फ्रीज घरी. मॉरिसला मात्र ठेवलं, आणि २ जुलैला जागेवर न बसलेल्या त्याच मॉरिसने २ ऑगस्टला सही केली. पेनसिल्व्हेनियाच्या नऊ सह्यांपैकी पाच अशा आहेत की त्या माणसांनी २ जुलैला मत दिलंच नव्हतं, कारण तेव्हा ते काँग्रेसमध्येच नव्हते. सहीच्या दिवशी डिकिन्सन कुठे होता? न्यू जर्सीत एलिझाबेथटाउनला, आपली पलटण घेऊन. समोरच्या स्टॅटन आयलंडवर ब्रिटिश फौज उतरली होती. उतरायला सुरुवात झाली तो दिवसही २ जुलैच. मॉरिससारखं त्यालाही ठेवलं असतं तर त्याने सही केली असती का, याचं उत्तर कुणाकडेच नाही.

तिथून ७ ऑगस्टला त्याने काँग्रेसचा सचिव चार्ल्स टॉमसन याला लिहिलं: न्यूयॉर्कवर हल्ला होईलसं दिसतं, आणि माझ्यावर इतक्या खवळलेल्या या निष्ठुर देशबांधवांच्या रक्षणासाठी जीव ठेवावा लागला तर त्याहून उदात्त शेवट मला सुचत नाही.

नंतरचे डाग आणि पदं

इथे कथा थांबवली तर डिकिन्सन संत होऊन बसेल. तो तसा नव्हता. सप्टेंबरअखेर, आपल्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यांना वर चढवलं म्हणून रुसून त्याने कर्नलपद सोडलं. डिसेंबरात ब्रिटिश फिलाडेल्फियाच्या दिशेने सरकत असताना, न्यू जर्सीच्या फौजेत सेनापती असलेल्या भावाला पत्र लिहिलं की काँग्रेसच्या कागदी नोटा घेऊ नकोस. पत्र भलत्या हातात पडलं. सल्ला व्यवहाराने चूक नव्हता. १७८० मध्ये काँग्रेसनेच त्या नोटांचा भाव चाळीसास एक ठरवला. पण फौजेचा पगार त्याच नोटांत होत होता, आणि सेनापतीच्या भावाने असं लिहिणं म्हणजे आपल्याच घराला खिंडार. ती ओरड त्याने कायम ऐकली.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र तोच माणूस डेलावेअरच्या स्थानिक फौजेत साधा शिपाई म्हणून खांद्यावर बंदूक घेऊन उभा राहिला. ब्रिटिशांनी १७७७ मध्ये त्याच्या बायकोच्या माहेरचा फेअरहिल हा वाडा जाळला. १७८१ मध्ये राजनिष्ठांच्या, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूच्या अमेरिकनांच्या, टोळीने त्याचं डोव्हरजवळचं घर लुटलं. दोन्ही बाजूंकडून मार खाणारा माणूस असाच असतो. १७७७ मध्येच त्याने आपल्या गुलामांना सशर्त मुक्त केलं, १७८६ मध्ये बिनशर्त. मधली नऊ वर्षं अटींची होती, हेही खरं.

तो म्हणाला होता त्या दोन गोष्टी आल्या, पण उशिरा. फ्रान्सशी करार फेब्रुवारी १७७८ मध्ये, तोही साराटोगाची लढाई जिंकून दाखवल्यावर. संघाची घटना, जिचा पहिला मसुदा त्याचा, काँग्रेसने बरीच खरवडून १७७७ मध्ये मंजूर केली आणि सगळ्या राज्यांची मान्यता मिळायला १ मार्च १७८१ उजाडला. मधल्या काळात काँग्रेस फिलाडेल्फिया सोडून बाल्टिमोरला पळाली होती, आणि १७७७ मध्ये शहर शत्रूच्या ताब्यातही गेलं होतं. धोक्यांची यादी बरोबर होती. पण घोषणा थांबवली असती तर ते टळले असते, हे त्यातून सिद्ध होत नाही. फ्रान्सच्या बाबतीत तर ॲडम्सचा क्रमच बरोबर ठरला.

१७८१ मध्ये डेलावेअरने त्याला अध्यक्ष निवडलं, १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनियाने. काही आठवडे दोन्ही राज्यांची अध्यक्षपदं एकाच माणसाकडे होती. पेनसिल्व्हेनियाच्या निवडणुकीच्या वेळी ‘व्हॅलेरियस’ या नावाने कुणीतरी सगळी जुनी मडकी फोडली: स्वातंत्र्याला विरोध, सोडलेली पलटण, नोटांचं पत्र. जानेवारी १७८३ मध्ये डिकिन्सनने वृत्तपत्रातून उत्तर दिलं की माझा विरोध होता तो ती घोषणा त्या वेळी करण्याला. सहा वर्षांनंतरही मुद्दा तोच, वेळ. त्याच वर्षी जूनमध्ये पगार थकलेल्या शिपायांनी काँग्रेसला वेढलं, तेव्हा राज्याची फौज बोलवायला डिकिन्सनने नको म्हटलं, पेटेल म्हणाला. काँग्रेस चिडून प्रिन्स्टनला निघून गेली. संघराज्याची राजधानी कोणत्याही राज्याच्या भरवशावर नको, हा विचार मूळ धरण्यात या प्रसंगाचा मोठा हात आहे.

१७८७ च्या घटना परिषदेत तो डेलावेअरकडून आला, पंचावन्नाच्या घरात, तब्येतीने खचलेला. लहान राज्यांना समान मत मिळावं म्हणून झगडला आणि गोष्टी ताणू नका असं मोठ्या राज्यांची बाजू मांडणाऱ्या जेम्स मॅडिसनला सुनावलं. गुलामीची तरतूद करायची पण ‘गुलाम’ शब्द टाळायचा, या युक्तीबद्दल त्याने टिपणात लिहिलं की शब्द गाळला तर लोक म्हणतील, ज्या तत्त्वाची यांना लाज वाटते ते लपवताहेत. १३ ऑगस्टला त्याने सभागृहाला सांगितलं: अनुभव हाच आपला वाटाड्या, बुद्धी चकवू शकते. १७६४ चा आणि १७७६ चा माणूस या एका वाक्यात बसला आहे.

शेवटच्या दिवसांत त्याचं डोकं इतकं दुखू लागलं की तो परिषद सोडून विल्मिंग्टनला घरी गेला. जाताना सहकारी जॉर्ज रीडला चिठ्ठी लिहून ठेवली, माझ्या वतीने सही कर. हा रीड म्हणजे २ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याच्या विरोधात मत देऊनही पुढे जाहीरनाम्यावर सही केलेला डेलावेअरचा प्रतिनिधी. १७ सप्टेंबर १७८७ ला त्याने आधी स्वतःचं नाव लिहिलं आणि मग डिकिन्सनचं. अमेरिकेच्या राज्यघटनेखाली प्रतिनिधींची ३९ नावं आहेत. लिहिणारे हात अडतीस.